राणीसाहेब आज भेटणार नाहीत (हेतेफेरेस, गिझा)

उंबरठा

मागच्या महिन्यात तुतनखामुनच्या धाग्यावर जाता जाता 'हेतेफेरेस' एवढं एकच नाव टाकलं, तर तिघाचौघांनी विचारलं, ही कोण? तिथेच उत्तर देत बसलो असतो तर मूळ धाग्याचा विचका झाला असता, म्हणून वेगळा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफूची ही आई. काळ इ.स.पू. २६०० च्या आसपासचा, म्हणजे तुतनखामुनच्याही जवळजवळ तेराशे वर्षं आधीचा. खुफूचा बाप स्नेफ्रू. दहशूरचा वाकडा पिरॅमिड आणि लाल पिरॅमिड हे दोन्ही त्याचेच. नवऱ्याचे दोन, मुलाचा एक, आणि हिच्या नावावर छातीठोकपणे लावता येईल असा एकही नाही. हिचं म्हणून जे उरलंय ते घरातलं सामान. पण काय सामान!

१९२५ चा फेब्रुवारी. हार्वर्ड विद्यापीठ आणि बॉस्टनचं ललित कला संग्रहालय यांची मोहीम गिझाला खणत होती. प्रमुख जॉर्ज राइझनर तेव्हा नेमके अमेरिकेत. मोहिमेचे छायाचित्रकार मोहम्मदानी इब्राहिम मोठ्या पिरॅमिडच्या पूर्वेला कॅमेऱ्याची तिपाई लावत होते, आणि तिचा एक पाय काही केल्या नीट टेकेना. खाली बघितलं तर खडक नव्हताच, गिलावा होता. कुणीतरी जमिनीत काहीतरी बुजवून वरून सारवून टाकलेलं.

गिलावा काढला तर पायऱ्या, पायऱ्यांपुढे उभी विहीर, आणि ती विहीर तोंडापर्यंत दगडांनी भरलेली. सत्तावीस मीटर. नऊ मजली इमारत उलटी करून जमिनीत घातली तर जेवढी जाईल तेवढी. उतरताना मध्येच एका कोनाड्यात बैलाची कवटी, चटईत गुंडाळलेले बैलाचे पाय आणि बिअरची मडकी. मयताला दिलेला नैवेद्य म्हणा. मार्चमध्ये तळ लागला. तिथे एक बेताची खोली, भिंतीला लागून अलाबास्टर नावाच्या दगडाची दुधी शवपेटी, झाकण जागच्या जागी, आणि बाकी जमिनीवर सोन्याच्या पत्र्यांचा खच.

सोन्यावर स्नेफ्रूचं नाव दिसल्याबरोबर वर्तमानपत्रांनी स्नेफ्रूची कबर सापडली म्हणून उठवून दिली. तुतनखामुनची कबर सापडून तीन वर्षंही झाली नव्हती, सगळ्यांना दुसरा तुतनखामुन हवा होता. पुढे सामानावरचा मजकूर लागत गेला तसं कळलं की हे सामान बाईचं आहे.

आता मजा बघा. दुसरा कुणी असता तर त्याने आधी पेटी उघडली असती. या लोकांनी दोन वर्षं पेटीला हात लावला नाही. कारण लाकडाची पार भुकटी झाली होती. पलंग, खुर्च्या, पालखी, पेट्या सगळं लाकूड मातीला मिळालेलं, आणि त्यावर मढवलेले सोन्याचे पत्रे, जडावाचे तुकडे जसे खाली आले तसे एकमेकांवर पडलेले. एक पत्रा जागचा हलवला की तो कुठल्या खुर्चीच्या कुठल्या पायाचा ते कायमचं गेलं. मग एकेक तुकडा नोंदवायचा, फोटो काढायचा, मग उचलायचा. हजाराहून जास्त फोटो आणि सतराशेच्या वर पानांच्या नोंदी, एका खोलीच्या.

३ मार्च १९२७ ला, पाहुणे बोलावून, झाकण उचललं. पेटी रिकामी.

राइझनर उठून म्हणाले म्हणतात की, सभ्य गृहस्थहो, राणीसाहेब आज कुणाला भेटणार नाहीत.

हा किस्सा कुठेही वाचा, इथेच संपतो. किंवा मग 'राणीचं प्रेत गेलं कुठे' अशी रहस्यकथा सुरू होते. मला स्वतःला त्या प्रेतापेक्षा सामानात जास्त रस आहे. पलंग बघा: डोक्याकडून पायाकडे उतरता, पायाशी नक्षीची फळी, उशाला सोन्याचांदीने मढवलेला टेकू (उशी नाही, मान टेकवायचा टेकू. मला तर बघूनच मान धरते). पलंगाभोवती उभा करायचा मांडव, त्याचे खांब आणि आडव्या पट्ट्या सोन्याने मढवलेल्या, सुट्या करून दुसरीकडे नेता येणाऱ्या. मांडवाच्या पडद्यांसाठी वेगळी लांब पेटी. उचलून न्यायची खुर्ची, आपल्या पालखीसारखी दांड्यांची, पण बिनपायाची, म्हणजे आत गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. दांड्यांच्या टोकांना सोन्याची ताडाची पानं. पाठीला काळ्या शिसवी पट्ट्या, त्यांत बसवलेली सोन्याची इवली इवली चित्राक्षरं: पक्षी, साप, टोपली. त्यांत तिच्या पदव्या. 'राजाची आई', 'देवाच्या पोटची मुलगी', आणि माझी सगळ्यात आवडती: 'जी बोलेल ते तिच्यासाठी केलं जातं'.

नावातल्या 'हेतेप'चा अर्थ शांत, प्रसन्न. जी बोलेल ते होतं म्हटल्यावर चेहरा प्रसन्न राहायला काय जातंय!

शिवाय सोन्याचे वस्तरे, नखांची हत्यारं, हात धुवायला तांब्याची झारी आणि तस्त. सुगंधी तेलांच्या आणि डोळ्यांच्या रंगाच्या आठ छोट्या बरण्या, प्रत्येकीवर आत काय आहे ते लिहिलेलं. आणि सोन्याने मढवलेल्या एका पेटीत चांदीची वीस कडी. त्यांच्याबद्दल खाली लिहितो, हात दुखले.

---

ताकभात

वाचतेय. वाचनखूण साठवली. कड्यांबद्दल लवकर लिहा, अर्ध्यावर सोडू नका.

एक शंका. माणूसच नव्हता तर ही थडग्याची खोली कशावरून? सामानाची कोठी असेल की.

---

उंबरठा

@ताकभात, चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत गिलाव्याने बंद केलेला आणखी एक कोनाडा होता. त्यात अलाबास्टरची चौकोनी पेटी, आत चार खण. मयताच्या पोटातले अवयव काढून ठेवायची पेटी. चारही खणांत कापडात बांधलेली गाठोडी होती आणि तीन खणांत पाणी होतं. चार-साडेचार हजार वर्षांचं पाणी, अजून ओलं. आल्फ्रेड ल्यूकस नावाच्या रसायनतज्ज्ञाने तपासलं तर सुमारे ३ टक्के नेट्रॉन, म्हणजे इजिप्तमध्ये मयत सुकवायला वापरायचे तो खार.

म्हणजे बाई गेली, पण तिच्या पोटातलं इथेच राहिलं. पोट रिकामं करून प्रेत टिकवण्याच्या पद्धतीचा हा सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी एक आहे. कोठी असती तर हे इथे नसतं.

---

ताकभात

ई. पण धन्यवाद. जेवण झाल्यावर वाचलं हे नशीब.

---

हवालदार (निवृत्त)

धागा आवडला. पण मला या राइझनर साहेबांची तपासाची बाजू सांगा. प्रेत नाही म्हटल्यावर त्यांनी काहीतरी निष्कर्ष काढला असेल ना?

---

उंबरठा

काढला, आणि तोच बरीच वर्षं सगळीकडे छापला गेला. त्यांची गोष्ट अशी: राणीला आधी दहशूरला नवऱ्याच्या पिरॅमिडजवळ पुरलं. तिथे चोरी झाली. चोरांनी दागिन्यांसाठी प्रेत ओढून बाहेर नेलं, पण बाकी सामानाला हात लावायच्या आत पळावं लागलं. खुफूला चोरी कळली, पण प्रेत गेलंय हे सांगायची कुणाची हिंमत होईना. वजिराने सांगितलं, आईसाहेब पेटीत सुखरूप आहेत. मग खुफूने आपल्या पिरॅमिडशेजारी गुपचूप नवी जागा खोदवली आणि रिकामी पेटी थाटामाटात पुरली.

---

हवालदार (निवृत्त)

बत्तीस वर्षं पंचनामे लिहिले, म्हणून बोलतो.

१) चोर प्रेत नेतो आणि वीस चांदीची कडी, सोन्याचे वस्तरे, सोन्याने मढवलेला आख्खा मांडव सोडतो? मग तो चोर नव्हे, नातेवाईक.

२) पहिलं घटनास्थळ कुठे आहे? दहशूरला तिची कबर सापडली का?

३) वजीर राजाच्या कानात काय बोलला हे कुठल्या जबाबात आहे?

पंचनामा सतराशे पानांचा, एक नंबर. दोषारोपपत्र मात्र कादंबरी. हलके घ्या.

---

उंबरठा

:) दहशूरला तिची कबर आजपर्यंत सापडलेली नाही. वजिराचा जबाबही नाही. राइझनरांच्या बाजूने एवढंच की पेटीच्या कडेला झाकण उचकटल्याच्या खुणा, टवके आहेत, सामान घाईने आणून टाकल्यासारखं होतं, आणि विहिरीच्या वर काहीच बांधकाम नव्हतं, म्हणजे लपवल्यासारखं. खुफूच्या नावाच्या मोहरांचे ठसे खोलीत मिळाले, तेव्हा हे मुलाच्या राज्यात झालं एवढं नक्की.

१९८५ मध्ये पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांनी हीच माहिती घेऊन वेगळी मांडणी केली. त्यांचं म्हणणं, ही तिची पहिलीच कबर. वर तिच्यासाठी लहान पिरॅमिड बांधायचा होता, आखणी सुरूही झाली होती. मग पिरॅमिडच्या आवाराचा आराखडा बदलला आणि राण्यांचे पिरॅमिड थोडे बाजूला सरकले. राणीला नव्या घरी हलवलं, नवं सामान दिलं, जुनं तसंच ठेवून विहीर बुजवली. टवके चोरांचे नव्हेत, झाकण उघडून तिला बाहेर काढणाऱ्या गवंड्यांचे. नवं घर म्हणजे शेजारचाच, तीन लहान पिरॅमिडांपैकी उत्तरेचा. तो पुढे लुटला गेला, त्यामुळे तिथेही ती नाही.

यात चोर नाही, खोटं बोलणारा वजीर नाही, फक्त बांधकाम खात्याने बदललेला नकाशा आहे. म्हणूनच मला ही जास्त खरी वाटते. पण मग अवयवांची पेटी का मागे ठेवली, हा काटा यातही टोचतोच.

---

हवालदार (निवृत्त)

नकाशा बदलला आणि मयताला घर बदलावं लागलं. हे पटलं. आमच्या क्वार्टर्सचं असंच झालं होतं, आणि तिथेही अर्धं सामान जुन्या खोलीत राहिलं.

---

कोरडा शिधा

लेख चांगला, पण 'नवऱ्याचे दोन' हे बेधडक लिहिलंय त्याला हरकत. जे सामान सापडलं त्यावर तिला 'राजाची पत्नी' असं कुठेही म्हटलेलं नाही. राजाची आई आहे, देवाची मुलगी आहे, पत्नी नाही. स्नेफ्रूचं नाव मांडवावर आहे म्हणून तो नवरा, हा तर्क झाला.

---

उंबरठा

मान्य. बिनशर्त. तर्क भक्कम आहे: मुलगा खुफू, स्नेफ्रूनंतर गादीवर तोच, मांडव स्नेफ्रूच्या नावाचा. पण ती पदवी नाही हे खरंच. 'देवाची मुलगी' यावरून ती आधीच्या राजाची, बहुधा हुनीची मुलगी असावी असं बरेच जण मानतात. ते खरं असेल तर स्नेफ्रूला गादी हिच्यामुळे मिळाली असंही म्हणता येईल, पण हा तर्कावर तर्क होईल, आणि हवालदारसाहेब बघतायत.

आता कडी.

वीस आहेत, एका हाताला दहा. लाकडी पेटीत दोन दांडे, त्यांवर चढवून ठेवलेली, आपल्याकडे कासाराच्या दुकानात बांगड्या लावतात तशी. एक मोठं, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान, दंडाकडून मनगटाकडे उतरत येणारी. झाकणावर लिहिलंय: कड्यांची पेटी. प्रत्येक कड्यावर चार फुलपाखरं, पंख पसरलेली, निळ्या, हिरव्या-निळ्या आणि तांबड्या खड्यांची. निळा लाजवर्द, तो येतो अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. हिरवट निळा पिरोजा सिनाईचा. तांबडा अकीक.

आणि चांदी. इजिप्तला सोनं होतं, चांदी जवळजवळ नव्हती. त्या काळी तिथे चांदी सोन्यापेक्षा भारी. चांदीचा शब्दच 'हेज', म्हणजे पांढरं. मग वीस कड्यांची चांदी आली कुठून? २०२३ मध्ये सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने बॉस्टनला असलेले नमुने तपासले. चांदीतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) माग काढला तर तो लागला ग्रीसच्या बाजूला, एजियन समुद्रातल्या सायक्लाडीज बेटांकडे किंवा अथेन्सजवळच्या लाव्हरियनच्या खाणींकडे. मधला टप्पा बहुधा बिब्लोस, आजच्या लेबनॉनमधलं बंदर. स्नेफ्रूच्या काळात चाळीस जहाजं भरून देवदाराचं लाकूड आणल्याची नोंद पालेर्मो शिळेवर (जुन्या राजांच्या नोंदी कोरलेला दगड) आहेच. लाकूड यायचं त्याच वाटेने चांदीही आली असावी.

त्याच तपासणीत असंही दिसलं की चांदी थंडच ठोकून घडवली, आणि मध्ये मध्ये तापवली. हे नेमकं का, ते मला समजलं नाही. इथे कुणी जाणकार?

---

सोनारगल्ली

मी आहे. तिसरी पिढी, आमच्याकडे चांदीचंच काम.

चांदी मऊ असते असं गिऱ्हाईकाला वाटतं. ठोकायला घेतली की पहिले दहा-वीस घाव ती ऐकते. मग कडक होत जाते. आवाजच बदलतो, आधी बद्द वाजते मग टणटण वाजायला लागते. टणटण ऐकू आल्यावर पण ठोकत राहिलात तर कडेला चिरा जातात आणि डाग (दागिना) फुकट. म्हणून थांबायचं, विस्तवावर धरायची, मंद लाल दिसली की काढायची, गार करायची. परत मऊ. परत ठोकायची. एका पत्र्याला असं कितीदा करायचं हे हाताला कळतं. आमचे आजोबा दुकानाचं दार ओढून घेऊन तापवायचे, उजेडात लाली दिसत नाही, आणि जरा जास्त झालं की चांदी पाणी होऊन खाली.

फोटो मोठा करून बघितला. कडं भरीव नाही, पत्र्याचं वळवलेलं आहे, बाहेरून फुगीर आणि आतून पोकळ. म्हणजे कमी चांदीत मोठा डाग. चांदी परदेशातून येत होती म्हणताय, मग हे बरोबरच. घडणावळ महाग नव्हती, माल महाग होता. आज उलटं आहे.

कोंदण मात्र आपल्यासारखं वाटत नाही. आपण खड्याभोवती धातू दाबून बसवतो. इथे खळगा करून त्यात खड्याचा तुकडा बेतून बसवलाय. फुलपाखराच्या पंखाच्या आकाराचा लाजवर्द घासून काढायचा म्हणजे तास न् तास. ज्याने केलं त्याला दंडवत.

---

ताकभात

हा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच भारी आहे. 'आवाज बदलतो' हे कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं.

---

चार्ल्सकाठी

बॉस्टनजवळ राहते, म्हणून दोन ओळी. यातली काही कडी इथल्या ललित कला संग्रहालयात आहेत. फोटोत ती चकचकीत वाटतात, प्रत्यक्षात काळवंडलेली, करडी आहेत, आणि त्या करड्यावर पिरोजाचा रंग एकदम उठून दिसतो. बाकी अस्सल सामान इजिप्तमध्येच.

पण नदीपलीकडे केंब्रिजला हार्वर्डच्या संग्रहालयात तिची एक खुर्ची आहे. अस्सल नाही, नवी घडवलेली. मूळ सामानात एक दुसरी खुर्ची होती, तिच्या जडावाचे इतके बारीक तुकडे झाले होते की तेव्हा ती कुणी उभी करू शकलं नाही. अलीकडे तिथल्या लोकांनी त्या जुन्या नोंदी आणि फोटो घेऊन ती आधी संगणकावर जुळवली, मग देवदार, सोन्याचा वर्ख, निळे फियान्सचे (चकाकीदार लेपाच्या भाजलेल्या पदार्थाचे) तुकडे असं घेऊन खरीखुरी केली. हाताखाली खांबांवर ससाणे बसलेत. मी समोर दहा मिनिटं उभी होते. नव्वद वर्षांपूर्वी कुणी भुकटीत वाकून 'हा तुकडा त्या तुकड्याच्या डावीकडे' असं लिहून ठेवलं, त्यावरून खुर्ची झाली.

---

मधली आळी

अवांतर, पण राहवत नाही. सगळीकडे राइझनर, राइझनर. तिपाई लावली ती मोहम्मदानी इब्राहिमांनी. मग बाकीचं सामान कुणी उभं केलं? तिथेही कुणी इजिप्शियन असणारच.

---

उंबरठा

अवांतर कसलं, हे तर मीच लिहायला हवं होतं.

ते होते अहमद युसुफ मुस्तफा. पलंग, मांडव वगैरे पुन्हा उभं करण्यात त्यांचा मोठा हात. आणि गंमत म्हणजे १९५४ मध्ये मोठ्या पिरॅमिडच्या दक्षिणेला खड्ड्यात खुफूची नौका सापडली, बाराशेवर तुकड्यांत सुटी करून रचून ठेवलेली, तेव्हा ती जोडायचं कामही त्यांच्याकडेच आलं. चाळीस मीटरहून लांब नौका, खिळा नाही, दोऱ्यांनी शिवलेली. कितीतरी वर्षं लागली.

आईचा पलंग आणि मुलाची होडी, दोन्ही एकाच माणसाच्या हातून. त्या नौकेवर वेगळा धागा काढतो, त्यांनी आधी नाईलवरच्या होडी बांधणाऱ्यांकडे जाऊन काम कसं शिकून घेतलं तिथपासून.

---

कोरडा शिधा

काढा. पण तिथे 'खुफूची नौका' लिहिताना ती पुरली कुणी तेही लिहा. खड्ड्यावरच्या दगडांवर जेदेफ्रेचं, म्हणजे खुफूनंतरच्या राजाचं, नाव आहे.

---

उंबरठा

लिहितो, साहेब.

---

हवालदार (निवृत्त)

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.